ऊनाची जागा

१

गेल्या सहा जानेवारीला, आयर्लंडातल्या बायका घरकाम टाकून बाहेर पडतात त्या बायकांच्या नाताळाला, आम्ही चौघी थॉमसटाऊनला गेलो आणि तिघी परत आलो. जी आली नाही ती माझी धाकटी बहीण ऊना. फेब्रुवारी संपता संपता नोर नदीने तिला खाली इनिस्टीगच्या पुलापाशी आणून सोडलं. सरकारी चौकशीत निष्कर्ष काही निघाला नाही, पण आमच्या अथाय गावाने आपला निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता. ऊनाने जीव दिला. दुकानात माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली आणायचे, त्यावरूनच मला ते कळायचं.

त्या लोकांचं मला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आईचं. माझी आई नव्वदीच्या पलीकडे गेलेली. रोज जपमाळ खाली ठेवली की एकच विचारायची, "बर्नी, ती आपणहून गेली का गं?" मला उत्तर माहीत नव्हतं. नाताळात खिडकीत ठेवतात ती मेणबत्ती सहा जानेवारीला काढायची असते. आईने ती वर्षभर काढू दिली नाही. ऊना वाट चुकली असेल तर तिला दिसायला हवी, म्हणे. विजेची मेणबत्ती, विझायचीही सोय नाही. भर उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत आमच्याच खिडकीत तो पिवळा ठिपका, आणि तो बघतच मला घरात शिरावं लागायचं.

म्हणून यंदा मी सार्जंटना आमच्या दरवर्षीच्या सहलीला बोलावलं. डिम्फना कीव्हनी पोलिसातून निवृत्त होऊन स्लायगोहून आमच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. अंगाने आडव्या, बोलायला कमी, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. मी त्यांना म्हटलं, मला कुणाला शिक्षा करायची नाही, मला फक्त आईला द्यायला उत्तर हवंय. त्या म्हणाल्या, "मग आखणीच्या बैठकीपासून येते. माणसं प्रवासात कमी आणि आखणीत जास्त उघडी पडतात."

आखणी म्हणजे आमच्या मैत्रिणीचं, पेग लॉलरचं राज्य. पाच तारखेला दिवेलागणीला तिच्या स्वयंपाकघरात चहा, उरलेला नाताळचा केक, आणि टेबलाच्या मधोमध कोंड्याने भरलेली परात. तिच्या घरातली जुनी रीत आहे. प्रत्येकीच्या नावाची एक मेणबत्ती कोंड्यात खोचायची, आणि जिची आधी विझेल ती आधी जगातून जाणार. गेल्या वर्षी ऊनाची आधी विझली होती. आम्ही हसलो होतो.

यंदा कुणी हसलं नाही. पेगने काडी ओढली आणि मेणबत्त्या लावत गेली. आम्ही चौघी होतो. मेणबत्त्या पाच होत्या.

२

त्याबद्दल विचारायला सवडच मिळाली नाही, कारण तेवढ्यात जेराल्डीनने वाद उकरून काढला. जेराल्डीन हायलंड, मोटारींच्या दुकानवाल्या मॅलकीची बायको. ही बाई कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतसुद्धा मोटारीने जाणारी. आमच्या सहलीत ती गेल्या वर्षीच पहिल्यांदा आली, तीही सकाळी मॅलकीच्या गाडीतून थेट थॉमसटाऊनला. तो पुढे वॉटरफर्डला कामाला जाणार होता. येताना मात्र आमच्याबरोबर आगगाडीने यायचं ठरलं होतं.

"थॉमसटाऊनला आहे काय?" ती म्हणाली. "पडका मठ आणि ओल. किलकेनीलाच उतरू या. किल्ला आहे, दुकानं आहेत, बरं जेवायला मिळतं."

ऊनाला आवडायचा त्या थॉमसटाऊनच्या नदीवरच्या बंधाऱ्यापाशी मला फुलं ठेवायची आहेत, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली की मग ती मॅलकीच्या गाडीने येईल.

"आगगाडीनेच चला की," सार्जंट म्हणाल्या. "ऊना कुठे बसली होती, कुठून उठली, ते मला जागेवर दाखवाल."

नाही म्हणायला जागाच उरली नाही. पेग म्हणाली, तिकिटं तिने कधीच काढली आहेत, बसायच्या जागांसकट. यंदा उलट्या तोंडाच्या खुर्चीवर मी बसणार नाही, असं मी बजावलं. दरवर्षी माझ्याच नशिबी ती येते.

"किलकेनीपर्यंतचाच तर प्रश्न आहे," पेग म्हणाली. "दरवर्षी काय गं रडतेस?"

ऊना असती तर हा वाद झालाच नसता. तिला उलटं बसलं की मळमळायचं, त्यामुळे तिची जागा ठरलेली, तोंड पुढे. आम्ही उरलेल्या जागांवरून भांडायचो.

मग सार्जंटनी जेराल्डीनला तो दिवस सांगायला लावला. आम्ही तो शंभरदा ऐकला होता. दुपारी मी आणि पेग जेवणावर रेंगाळलो, त्या दोघी नदीकडे फिरायला गेल्या. थोड्या वेळाने जेराल्डीनचा पेगला फोन आला: ऊनाचं डोकं दुखतंय, आम्ही आधीच्या गाडीने निघतो, तुम्ही या सावकाश.

"गाडीत ती माझ्यासमोर बसली," जेराल्डीन म्हणाली. तिचे हात केकचा चुरा करत होते. "मला म्हणाली, उलटं बसलं की मळमळतं. म्हणून तोंड पुढे करून ती, आणि पाठमोरी मी. बाहेर धुकं. मध्येच म्हणाली, मला आता घरी जावंसंच वाटत नाही गं. किलकेनीला गाडी थांबली तेव्हा उठली, म्हणाली, जरा हवा खाते. आणि गाडी सुटली. मला वाटलं, दुसऱ्या डब्यात चढली असेल. अथाय येईपर्यंत मी तशीच पाठमोरी, समोर तिची रिकामी खुर्ची, आणि बाहेरचा एकेक दिवा माझ्यापासून लांब लांब जातोय. अजून स्वप्नात येतं ते."

पोलिसांनी किलकेनीच्या फलाटावरचा कॅमेरा पाहिला होता. धुक्यात नुसतं पांढरं दिसलं. नोर नदी किलकेनीतूनच थॉमसटाऊनकडे वाहते, त्यामुळे सगळं जुळत होतं.

सार्जंटनी मान हलवली.  आणि तेवढ्यात परातीतली एक मेणबत्ती फट्कन विझली. खिडकी बंद होती, दार बंद होतं. धुराची रेघ सरळ वर गेली.

"कुणाची?" सार्जंटनी विचारलं.

पेगने परात आपल्याकडे ओढून घेतली. जेराल्डीन उठली, कोट उचलला आणि निघून गेली.

३

घरी जाताना सार्जंटनी मला न लाजता विचारलं, ऊना गेल्यावर घर कुणाचं झालं. माझं, मी म्हटलं. मला राग आला, आणि त्यांना तो दिसला. मग म्हणाल्या, पेगशीही बोलून झालंय. पेगने सांगितलं होतं की त्या सहलीआधी तिचं आणि ऊनाचं कडाक्याचं वाजलं. ऊनाने तिच्या आखणीत खुसपट काढलं होतं. सगळ्यांसमोर. पेगला असलं सोसत नाही. आखणी तिचा जीव की प्राण.

"म्हणजे तुमचा संशय आम्हा सगळ्यांवर आहे," मी म्हटलं.

"डोकेदुखी कुणी पाहिली?" त्यांनी विचारलं.

मी थबकले. डोकेदुखीचं ऊनाने स्वतः कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर बोलली ती जेराल्डीन. पण म्हणून काय? फोन जेराल्डीनचा होता आणि ऊना दुखण्याने बेजार असेल. मीच जेराल्डीनची बाजू घेतली. सार्जंट म्हणाल्या, तेच तर, खोटं म्हणायला कुठे बोट ठेवायचं तेच सापडत नाही.

सकाळी अथायच्या फलाटावर इतकं धुकं होतं की पलीकडचा फलाट दिसत नव्हता. जेराल्डीन आली होती. लिपस्टिक लावून, ताठ. पेगच्या हातात सँडविचचा डबा. तिच्या डोळ्यांवरून ती रात्रभर झोपलेली वाटत नव्हती. गाडी धुक्यातून आली ती आवाज न करता, नुसते दोन दिवे मोठे होत आल्यासारखी.

डब्यात शिरलं की खुर्चीच्या वर, सामानाच्या फळीखाली, ज्याने जागा राखली त्याचं नाव दिव्याच्या अक्षरांत लागलेलं असतं. आमचं टेबल मी लांबूनच ओळखलं. पेग लॉलर. बर्नी ब्रोफी. जेराल्डीन हायलंड. पलीकडच्या ओळीत डिम्फना कीव्हनी.

आणि टेबलाशी चौथ्या खुर्चीवर, तोंड पुढे असलेल्या खिडकीच्या जागेवर, हिरवट अक्षरांत लागलं होतं: ऊना ब्रोफी.

४

 मी टेबल धरून उभी राहिले आणि ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, ती येतेय. मागून येईल आणि म्हणेल, सरक गं बर्नी.

जेराल्डीनचा चेहरा मात्र लिपस्टिकमागून पार उतरला. "हा कुणाचा चावटपणा आहे?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी सार्जंटकडे बघितलं. सार्जंटनी मान हलवून नकार दिला. पेग सँडविचच्या डब्याचं झाकण उघडत आणि बंद करत राहिली.

त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. जेराल्डीनची जागा नेमकी तिच्यासमोर, पाठमोरी. तिने सार्जंटशी जागा बदलायचं म्हटलं, तर सार्जंट म्हणाल्या, "तुम्ही तशाच बसला होता ना त्या दिवशी? मग राहू द्या. मला बघायचंच होतं."

कारलो स्टेशन मागे पडलं. काचेबाहेर पांढरं, मधूनच एखादं काळं झाड यायचं आणि जायचं. गाडी गरम होती, तरी त्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूने माझा हात गार पडत होता. जेराल्डीन एकदाही समोर बघत नव्हती. सार्जंट तिचे हात बघत होत्या. हात मांडीवर घट्ट, एकात एक.

किलकेनीला गाडी थांबली. बरीच माणसं उतरली, दारं उघडी राहिली, धुकं आत आलं. नेहमीसारखी गाडी तिथे चांगली थांबली. पेगने चहाच्या थर्मासचं टोपण फिरवलं. मी पर्स मांडीवर घेतली. मग दारं मिटली आणि गाडी हलली.

जेराल्डीनने पेगचं मनगट पकडलं.

"थांबवा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "आपण मागे चाललोय. पेग, गाडी परत चालली आहे. ती आपल्याला परत घेऊन चालली आहे."

तिची बोटं पेगच्या मनगटात रुतली होती. नजर पहिल्यांदाच त्या नावावर होती.

पेगला हसू फुटलं, बिचारीला. "अगं वेडे, इथे रूळ संपतात. गाडी आली तशी उलटी निघते आणि मग थॉमसटाऊनकडे वळते. इतकं काय घाबरायचं?"

ती हसत होती तोवर सार्जंट आपल्या जागेवरून उठल्या होत्या.

"दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी," पेग म्हणाली.

"संध्याकाळी घरी येतानासुद्धा?"

"येतानाही. किलकेनीपर्यंत पाठमोरं बसलेलं माणूस पुढे सुलटं होतं. म्हणून तर ऊना..." आणि पेगचं हसू तिथेच थांबलं.

५

वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं. म्हणून तर ऊना किलकेनीला उठायची. दरवर्षी. गाडी उलटली की ती समोरच्याला उठवून जागा बदलायची, आम्ही तिला शिव्या घालायचो. शंभरदा मी जेराल्डीनची हकिगत ऐकली आणि मला हे सुचलं नाही. इतकं अंगवळणी पडलं होतं की गाडी उलटते हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. पोलीस मोटारीतून आलेले, सार्जंट स्लायगोच्या. बाहेरच्यांना माहीत नव्हतं आणि घरच्यांच्या ध्यानात नव्हतं.

सार्जंट ऊनाच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. वाटेतच उभ्या राहिल्या.

"जेराल्डीन," त्या हळू म्हणाल्या, "तुम्ही त्या संध्याकाळी या गाडीत असता, तर किलकेनीनंतर तुमचं तोंड पुढे झालं असतं. दिवे तुमच्याकडे येताना दिसले असते, लांब जाताना नव्हे. आणि आत्ता घाबरला नसता. तुम्ही या रुळांवर आज पहिल्यांदा आलात. आणि तुम्ही त्या गाडीत नव्हता, तर ऊना होती हे सांगणारं कुणीच उरत नाही. डोकेदुखीही तुमचीच. मग तिला शेवटचं कुठे पाहिलंत?"

जेराल्डीनने नकार दिला नाही. मला वाटतं तिला तेवढं बळच उरलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं: बंधाऱ्यापाशी तिचा स्वतःचा हातमोजा खालच्या पायरीवर पडला होता. ऊना म्हणाली, थांब, मी काढते. पायरीवर शेवाळ होतं. ती पाण्यात गेली, एका हाताने दगड धरून राहिली. जेराल्डीन पळाली. मदत आणायलाच पळाले, देवाशपथ सांगते, म्हणाली. रस्त्यावर मॅलकीची गाडी उभी होती. आगगाडीच्या कटकटीपेक्षा बरं, म्हणून तिने त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. ती आत बसली. तोंडातून शब्द फुटेना, आणि फुटला तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. तिला वाटलं, आता परत गेलं तर विचारतील, इतका वेळ काय करत होतीस.

"मॅलकीला काय सांगितलंत?" सार्जंटनी विचारलं.

"ऊना आगगाडीने गेली म्हणून. नंतर मी पोलिसांना आगगाडीचं सांगितलं तेव्हा तो शेजारीच बसला होता. काही बोलला नाही. वर्ष झालं, आम्ही दोघं काहीच बोललेलो नाही."

मी विचारलं, "घरी जावंसं वाटत नाही, असं ऊना कधी म्हणाली?"

"ते मी म्हणाले होते," ती म्हणाली. "मोटारीत."

मला तिला मारावंसं वाटलं. हात उचललाही असता. पण त्याआधी मला आणखी एक विचारायचं होतं. "तिने हाक मारली का?"

"मारली."

"काय म्हणाली?"

"माझं नाव," जेराल्डीन म्हणाली. "नुसतं माझं नाव."

थॉमसटाऊन आलं. सार्जंट तिला दंडाला धरून पोलीसचौकीकडे घेऊन गेल्या. तिनेही काही ओढाताण केली नाही. धुक्यात त्या दोघी लगेच दिसेनाशा झाल्या.

मी आणि पेग बंधाऱ्यावर गेलो. पाणी एकसारखं वाजत होतं. जवळच एक पब होता, आत माणसं बोलताना ऐकू येत होती. जेराल्डीनची एक हाक पुरली असती. मी फुलं वरच्या पायरीवर ठेवली, खाली उतरले नाही.

"नाव मी घातलं," पेग एकदम म्हणाली. नाक लाल झालं होतं तिचं. "कुणाला पकडायला नाही गं. जागा राखताना तिचं नाव वगळायला हातच धजला नाही. मेणबत्तीचंही तेच. आमचं भांडण मिटायचं राहिलं होतं. मला वाटलं, तिच्याशिवाय आखली तर ती सहल माझी एकटीची होईल." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

तिथूनच आईला फोन लावला. मी म्हटलं, "आई, ती आपणहून नाही गेली. घसरली. दुसऱ्याचा हातमोजा काढायला वाकली होती." पलीकडून स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज येत राहिला. मग आई म्हणाली, "ती तशीच होती. लहानपणापासून." आणि थोड्या वेळाने, "मग आज मेणबत्ती काढून ठेवते बाई. तू जेवलीस का?"

परतीच्या गाडीतही पेगने जागा राखून ठेवल्या होत्या, सगळ्यांच्या. जेराल्डीनच्या नावाखाली कुणीतरी छत्री ठेवली होती. ऊनाचं नाव पुढे तोंड असलेल्या खुर्चीवर होतं आणि मी तिच्यासमोर पाठमोरी बसले. अंधारात गाव मागे पडत गेलं.

किलकेनीला गाडी थांबली. दारं मिटली आणि ती उलटी हलायला लागली. पेगने माझ्याकडे बघितलं. मी उठले, ऊनाच्या नावाखाली जाऊन बसले, आणि माझी खुर्ची तिच्यासाठी मोकळी ठेवली. तिला उलटं बसलं की मळमळतं.